आपल्या माणसाचा लेख

राजकारणावर लिहिणाऱ्याचं सगळ्यात जास्त नुकसान कोण करतं, असं कुणी विचारलं तर मी विरोधकांकडे बोट दाखवणार नाही. ज्यांची मतं आपल्यासारखीच आहेत, जे लेख अर्धा वाचून ‘जबरदस्त’, ‘सडेतोड’, ‘एकदम सणसणीत’ म्हणतात आणि पुढच्या मिनिटाला तो पन्नास जणांना पाठवून मोकळे होतात, त्यांच्याकडे दाखवीन. विरोधक निदान चुका शोधण्यासाठी तरी शेवटपर्यंत वाचतो. आपला माणूस पहिल्या परिच्छेदातच खूश होऊन जातो, आणि लिहिणाऱ्याला वाटतं की झालं, जमलं.

खान्देशातले आम्ही काही जण चालू घडामोडींवर लिहितो. कुणी जळगाव-धुळ्याच्या दैनिकांच्या पुरवण्यांत, कुणी तालुक्याच्या साप्ताहिकात, कुणी दिवाळी अंकांत. पोटापाण्याची कामं सगळ्यांची वेगळी. शिंदखेड्याकडचे आबा कोरडवाहू शेती करतात. धरणगावकडच्या जिभाऊंची उभी हयात जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर म्हणून गेली. जळगावच्या कोर्टात वकिली करणारे एक जण आहेत, त्यांना आम्ही वकीलसाहेबच म्हणतो. धडगावकडचे एक मास्तर आहेत. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते आणि निवडणुकांवर लिहिते. बसतो बहुतेक वेळा अमळनेरला, कारण सुरत-भुसावळ लाइनीवरचं गाव आहे आणि धुळ्याहून एसटी मिळते. ज्याचा लेख असेल तो छापायला देण्याआधी इथे वाचतो आणि मग गप्प बसतो. बाकीचे बोलतात. पक्षाचं म्हणाल तर सगळे एका विचाराचे नाहीत, पण दोघा-तिघांचं प्रत्येक वेळी जुळतं, आणि खरी पंचाईत तिथेच होते.

आबांचा कापसावरचा लेख मला अजून लख्ख आठवतो. २०२५च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं. आधी १९ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर एवढ्यापुरतंच होतं. ती मुदत संपायच्या आतच ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के कर लावला होता, तिकडे जाणारे कपडे तयार करणारे कारखाने अडचणीत आले होते, त्यांना स्वस्त कापूस मिळावा हा त्यामागचा हिशेब. आबांनी तडक लिहून आणलं. सुरुवातच अशी होती की सरकारने कापूस उत्पादकाच्या गळ्यात फास टाकला. पुढे उद्योगपतींची दलाली, शेतकऱ्याचं रक्त, सगळं आलं. आबा वाचतातही छान, खर्जातल्या आवाजात. वाचून झालं तेव्हा दोघांनी एकदमच ‘वा आबा!’ म्हटलं. त्यातली एक मी होते, कारण निर्णय चुकीचा आहे असं माझंही ठाम मत होतं आणि आजही आहे.

जिभाऊ काही बोलले नाहीत. चहा आला, तो प्यायला, आणि मग त्यांनी अहिराणीत विचारलं, “आबा, हमीभाव कितला शे?”

आबांना तो पाठ होता. लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला ८,११० रुपये. आदल्या वर्षी ७,५२१ होता.

“म्हणजे ५८९ रुपयांनी वाढला. लेखात कुठे आहे?”

आबा म्हणाले, तो आकडा दिला की सरकारचीच बाजू मांडल्यासारखं होतं. त्यावर जिभाऊ जे बोलले ते मी वहीत उतरवून ठेवलंय: “तो आकडा लपाडा ते बठ्ठा लेख पडी जाई.” म्हणजे, तो आकडा लपवला तर सगळा लेखच कोसळेल.

आणि मग त्यांनी आम्हाला हमीभाव आणि शेतकऱ्याचा हात यांच्यात काय काय असतं ते सांगितलं. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर कापसातला ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव मिळतो. आठच्या वर बारापर्यंत कपात होते. बाराच्या वर गेला की गाडी परत. आता पहिल्या वेचणीचा कापूस येतो तेव्हा हवेतच दमटपणा असतो, त्यात परतीचा पाऊस बोंडं फुटलेल्या झाडावर कोसळला तर बाराच्या आत ओलावा आणायचा कसा? अंगणात वाळवायचा तर आठवडा जातो. आणि मजुरी तर वेचणाऱ्या बाईला त्याच आठवड्यात द्यायची असते. शिवाय खरेदीसाठी मोबाइलच्या ॲपवर आधी नोंदणी. मग माणूस दारात येणाऱ्या व्यापाऱ्याला देऊन टाकतो. खेडा खरेदी म्हणतो आपण तिला. तो भाव ठरवतो ओलावा हातात धरून, मुठीत कापूस दाबून, आणि तिथे ८,११० हा आकडा कुणी उच्चारतही नाही. “आता मुदत बघा,” जिभाऊ म्हणाले. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. गरजू शेतकरी ज्या तीन महिन्यांत कापूस विकून टाकतो तेच नेमके शुल्कमाफीचे महिने. ज्याच्याकडे कापूस घरात भरून ठेवायची ऐपत आहे तो जानेवारीची वाट बघेल. फटका बसणार तो ज्याला थांबता येत नाही त्यालाच.

हे आबांना माहीत नव्हतं असं थोडंच आहे! स्वतःच्या शेतातलंच होतं. पण लिहायला बसल्यावर ते सुचलं नाही, कारण रागाच्या भरात तयार शब्द आधी हाताशी येतात. त्या रात्री ते परत गेले ते लेखाचं बाड घेऊन. दुसऱ्या खर्ड्यात फास गेला, रक्त गेलं, दलाली गेली. हमीभाव वाढल्याचं पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकलं होतं, आणि त्याच्या खाली गावातल्या एका शेतकऱ्याची काटापट्टी होती: तारीख, वजन, दर. नाव काढून टाकलेलं. तो लेख आधीच्यापेक्षा सरकारला कितीतरी जड जाणारा होता. ‘आम्ही हमीभाव वाढवला’ हे उत्तर त्याला देताच येणार नव्हतं, ते आबांनी आधीच खर्ची घातलं होतं.

माझं ‘वा आबा’ आणि जिभाऊंचा प्रश्न, यातलं आबांच्या बाजूचं कोणतं होतं? मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे परखड बोलणं म्हणजे समोरच्या गोटातल्याला झोडपणं, असंच चालत आलंय. आपल्याच गोटातल्याचा लेख कडक तपासला की ‘घरचा अहेर’ म्हणतात, जणू काही तो द्रोहच. पण ज्याची भूमिका आपल्याला खरी वाटते तिचं समर्थन कच्चं राहिलं, तर उद्या ती भूमिकाच पडते. आणि पडते तेव्हा कापूसवाल्याचं नुकसान होतं. आबांचं नव्हे, माझंही नव्हे.

१९३८ साली साने गुरुजींनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ नावाचं साप्ताहिक काढलं. तेव्हा मुंबई प्रांतात सरकार काँग्रेसचंच होतं. त्याच वर्षी पूर्व खान्देशात, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात, अतिवृष्टीने पिकं गेली, आणि शेतसारा माफ व्हावा म्हणून गुरुजींनी गावोगाव सभा घेतल्या, कलेक्टर कचेरीवर मोर्चे नेले. पक्ष आपला, सरकार आपलं, साप्ताहिकाच्या नावातही पक्ष, आणि मोर्चा त्या सरकारच्या दारात. दोनच वर्षांपूर्वी, १९३६च्या डिसेंबरात, याच जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं होतं. त्याची पुण्याई गाठीशी असताना ‘आता आपल्या सरकारला अडचणीत आणू नका’ म्हणणारे त्या वेळीही असणारच. अमळनेरच्या रस्त्यांवरून जाताना मला गुरुजींची मायाळू मूर्ती तर आठवतेच, पण हा मोर्चा जास्त आठवतो. त्यांच्या हळवेपणाबद्दल आपण खूप बोलतो, या कण्याबद्दल फार कमी.

आता धुळ्याची २०२४ची लोकसभा. त्या निकालावर आमच्यात जेवढा वाद झाला तेवढा कशावरच झाला नसेल. काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांनी भाजपच्या सुभाष भामरे यांना ३,८३१ मतांनी हरवलं. या मतदारसंघात सहा विधानसभा आहेत: धुळे शहर, धुळे ग्रामीण, शिंदखेडा, आणि नाशिक जिल्ह्यातले मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य, बागलाण. पाच ठिकाणी भामरे पुढे होते. मुस्लिमबहुल मालेगाव मध्यच्या मतांनी ती सगळी आघाडी भरून काढली. निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून लेखांचा पाऊस पडला आणि त्यातल्या बहुतेकांनी एकट्या मालेगाव मध्यकडे बघून विषय संपवला. काहींनी ते कौतुकाने लिहिलं, काहींनी विखाराने, पण कारण दोन्हीकडे एकच.

आमच्यातल्या एकाने तसाच लेख आणला. वकीलसाहेबांनी एवढंच विचारलं की २०१९मध्ये हेच भामरे याच मतदारसंघातून सव्वादोन लाखांवर मतांनी निवडून आले, तेव्हा मालेगाव मध्य कुठे होतं? तिथेच होतं. मग पाच वर्षांत बाकीच्या पाच ठिकाणी काय झालं, ते कोण लिहिणार? त्यावर दुसऱ्याने लगेच कांदा पुढे केला. डिसेंबर २०२३मध्ये कांद्याची निर्यातबंदी झाली, ४ मे २०२४ला उठवली ती सुद्धा ४० टक्के निर्यात शुल्क ठेवून, आणि धुळ्यात मतदान २० मेला. बागलाणपासून शिंदखेड्यापर्यंत चाळीत कांदा पडलेला. मलाही कांदाच पटत होता. पण वकीलसाहेबांनी कांद्यालाही तोच प्रश्न लावला: ३,८३१ इतकं बारीक अंतर असेल तर उमेदवाराबद्दलची नाराजी, उन्हामुळे घरी बसलेले मतदार, एखाद्या गावातला पाण्याचा राग, यातलं काहीही एकटं पुरेसं ठरतं, आणि म्हणून यातलं काहीही ‘हेच’ कारण म्हणून सांगता येत नाही. निकाल जितका काठावरचा तितका लेख सावध हवा. होतं मात्र उलटं. काठावरच्या निकालावरच सगळ्यात छातीठोक लेख येतात, कारण प्रत्येकाला आपलं कारण त्यात बसवता येतं.

तो लेख शेवटी छापायला गेलाच नाही. लिहिणारा नाराज झाला, दोन बैठकांना आला नाही. अशी नाराजी येते, ती सोसावी लागते. मला मात्र वाटतं की त्या आठवड्यात जिल्ह्यातल्या वाचकापुढे एक धर्मावर सगळं ढकलणारा लेख कमी गेला, आणि ते चांगलं झालं. मालेगाव मध्यमधल्या माणसाने एका पक्षाला मत दिलं तर तो संशयाचा विषय, आणि धुळ्यातल्या साक्री रोडवरच्या माणसाने दुसऱ्याला दिलं तर ते जागरूक मतदान, हा हिशेब लिहिणाऱ्याच्या कलमात कधी शिरतो ते त्याचं त्यालाही कळत नाही. कुणीतरी ते वाक्य मोठ्याने परत वाचून दाखवावं लागतं.

आणि वाक्य परत वाचण्याआधी माणूस वाचला जातो, ही आपल्या मुलखातली जुनी खोड. आडनावावरून गाव, गावावरून जात, जातीवरून पक्ष. रावेरच्या राजकारणावर लेख आला की आधी बघतात, लिहिणारा लेवा आहे की मराठा की गुजर. लिहिणारा मुसलमान असेल तर लेख वाचायचीही गरज वाटत नाही, त्यात काय असणार ते म्हणे ठाऊकच असतं. आम्हीही एकदा ठरवलं होतं की लेख नाव न सांगता वाचायचे. जमलं नाही. आबांची वाक्यं आबांचीच असतात, दुसऱ्या ओळीला ओळखू येतात.

मग जिभाऊंनी वेगळं सुचवलं. बोलणाऱ्याने आधी लेखात काय म्हटलंय ते आपल्या शब्दांत सांगायचं. लिहिणारा ‘हो, मला हेच म्हणायचंय’ असं म्हणेपर्यंत टीका करायची नाही. ऐकायला अगदी साधं वाटतं. करून बघा. निम्म्या वेळा माणूस तिथेच अडखळतो, कारण त्याने लेख ऐकलेलाच नसतो, लेखाला द्यायचं उत्तर मनात रचत बसलेला असतो.

मला यात धुळ्याचा तुरुंग आठवतो. १९३२ साली विनोबा दर रविवारी तिथल्या कैद्यांपुढे गीतेवर बोलत, आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. त्या उतरवण्यामुळे ती प्रवचनं आज आपल्या हाती आहेत. स्वतः शब्दांचा एवढा धनी असलेला माणूस, पण आठवड्यामागून आठवडे दुसऱ्याचं म्हणणं जसंच्या तसं कागदावर यावं म्हणून खाली मान घालून लिहीत बसला. दुसऱ्याच्या विचाराला एवढी जागा आधी दिली, तर पुढे केलेल्या टीकेलाही काही अर्थ येतो.

मास्तरांच्या लेखाच्या वेळी मात्र आमचं सगळ्यांचंच कान देणं कमी पडलं, आणि त्याबद्दल मला आजही चीड आहे. धडगाव म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातला अक्राणी तालुका, सातपुड्यातला. मास्तर पावरा या आदिवासी समाजातले. घरात पावरी बोलतात, मराठी शाळेत शिकले. त्यांनी वनहक्कावर लिहिलं होतं. २००६चा कायदा, १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून जमीन कसत असल्याचा पुरावा, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंतचा हक्क, हे सगळं लेखात होतं. पण लेखाचा जीव वेगळ्याच ठिकाणी होता. डोंगरउतारावरच्या शेताची मोजणी कशी झाली, वडिलांनी दाखवलेली हद्द आणि कागदावर उमटलेली हद्द यांत किती वावर हरवलं, आणि हरवलेल्या तुकड्यात आजोबांनी लावलेली मोहाची झाडं कशी गेली. मोहाचं झाड म्हणजे तिथे वर्षाचं उत्पन्न असतं.

वाचून झाल्यावर पहिलं मत आलं ते शुद्धलेखनावर. दुसरं असं की लेख मनाला भिडणारा आहे, पण हे अनुभवकथन झालं, राजकीय भाष्य नव्हे.

का नव्हे? लोकसभेच्या महाराष्ट्रातल्या यादीत पहिल्या क्रमांकाचा मतदारसंघ नंदुरबार आहे. विधानसभेच्या २८८मध्ये पहिला अक्कलकुवा. धडगावही त्यातच येतं. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातलं जे गाव सर्वांत आधी गाठलं ते मणिबेली याच भागातलं. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१०ला शहादा तालुक्यातल्या टेंभलीला दिलं गेलं, पंतप्रधान स्वतः आले होते. राज्यकर्त्यांना आरंभासाठी हा जिल्हा बरोबर सापडतो. आणि त्याच जिल्ह्यातला माणूस जमिनीच्या कागदावर लिहितो तेव्हा ते राजकारण होत नाही? मंत्रिमंडळात कुणाला कोणतं खातं मिळेल यावर जळगावात बसून केलेला तर्क म्हणजे भाष्य, आणि सरकारच्या मोजणीत आपली झाडं कुठे गेली हे विचारणं म्हणजे आठवणी? या वर्गवारीतच कुणाचं बोलणं मोजायचं आणि कुणाचं नाही ते ठरून जातं. मी त्या दिवशी हे सगळं बोलले, आवाज चढवून बोलले. मास्तर शांत होते. ते म्हणाले, “ताई, शुद्धलेखन तुम्ही बघा. मोजणीचं मी बघतो.” तसंच केलं. लेख छापून आला, आणि मोहाच्या झाडांचा परिच्छेद संपादकाने सर्वांत वर घेतला होता.

फोनवरून लेख पुढे पाठवण्याबद्दल थोडंच सांगते, कारण ते सगळ्यांना कळतं आणि कुणी पाळत नाही. मी लेख पुढे पाठवते तेव्हा मी त्यातल्या आकड्यांना साक्ष राहते. कोर्टात खोटी साक्ष देणारा आपल्याला चालत नाही. म्हणून मी आता कुठलाही लेख पाठवताना सोबत एक ओळ लिहिते: यात मला काय पटलं, आणि कोणती गोष्ट तपासायची राहिली. एवढी एक ओळ लिहायची म्हटलं तरी लेख शेवटपर्यंत वाचावा लागतो. माझ्याकडून जाणाऱ्या लेखांची संख्या त्यामुळे फारच कमी झालीय. पण जे जातात त्यांच्यावर लोक उलट काहीतरी लिहून पाठवतात, नुसता अंगठा येत नाही.

आबांच्या कापसाच्या लेखाचं एक राहिलं. वकीलसाहेबांनी तेव्हाच म्हटलं होतं की कारखानदारांचं म्हणणं सोडा, पण आपल्या शिरपूर-शहाद्याकडे सहकारी सूतगिरण्या आहेत, मालेगावात यंत्रमाग आहेत, तिथे पाळीवर जाणारी पोरं शेतकऱ्यांचीच आहेत. कापूस स्वस्त झाला तर त्यांची पाळी टिकते का, हे लेखात यायला हवं. आबांनी ते घेतलं नाही. कापूसवाल्याच्या लेखात कापूसवालाच बोलेल, असं ते म्हणाले, आणि मला तेव्हा ते बरोबर वाटलं. लेख छापून आल्यावर सूतगिरणीतल्या एका कामगाराचं चार पानी पत्र आलं. अक्षर सुरेख. त्याच्या वडिलांचा कापूस घरात पडून होता आणि त्याची स्वतःची पाळी सूताला मागणी नाही म्हणून आठवड्यातून दोन दिवस बंद होती. दोन्ही गोष्टी एकाच घरात. शुल्क काढलं ते चूक की बरोबर, हे त्याने कुठेच लिहिलेलं नाही. त्याने आबांना विचारलंय की तुम्ही माझ्या घरी बसून हा लेख लिहिला असता तर कसा लिहिला असता.

पुढच्या बैठकीला त्याला बोलावलंय. आबांनी पत्र दोनदा वाचलं आणि निरोप धाडला: गाडीभाडं आम्ही देऊ, सूताच्या भावाचे कागद तेवढे घेऊन ये.